पातं वाढत जातं

खोकं सिगारचं आहे. लाकडी, झाकणाची एक बिजागरी निखळलेली. आत पिवळा पडलेला कापूस आणि कापसावर दगडी पाती. न्यू मेक्सिकोच्या पूर्व टोकाला, टेक्सासच्या हद्दीला लागून शेती करणाऱ्या एका माणसानं ती हयातभर वेचली. तो गेला, मुलांनी घर विकायला काढलं आणि खोकं विद्यापीठाला देऊन टाकलं. (हे खोकं आणि हे कुटुंब मी रचलेलं आहे. पण अमेरिकेतल्या विद्यापीठांकडे आणि संग्रहालयांकडे अशी खोकी येतच असतात, आणि आपल्या वाटेवर नावानिशी येणारी गावं, माणसं नि सालं खरी आहेत.)

नोंदीला बसलेले तुम्ही आहात. डाव्या हाताशी भिंग, उजव्या हाताशी कॅलिपर, समोर छापील तक्ता. खोक्यात दोन पाती अशी आहेत की बघणाऱ्याच्या तोंडून 'वा!' निघेल. ती बाजूला ठेवा. फार देखण्या पात्याचा आधी संशय घ्यायचा असतो. आज दगड घडवणारे हौशी कारागीर इतके तयार झालेत, की त्यांनी काल केलेली वस्तू तेरा हजार वर्षांपूर्वीची म्हणून हजारो डॉलरला खपते. तांब्याची टोचणी वापरली असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली तांब्याचे कण सापडतात. पण तेवढा गाफील प्रत्येक जण नसतो.

तुम्ही उचला ते आखूड, बसक्या टोकाचं पातं. लांबी जेमतेम सहा सेंटिमीटर. बुडाच्या दोन कोपऱ्यांपैकी एक तुटलेला. दगड तांबडा, त्यात पांढुरक्या रेघा. आणि बुडापासून वर, दोन्ही अंगांना, करंगळी टेकेल एवढी उथळ पन्हळ. ही पन्हळ दिसली की कूळ कळतं: क्लोव्हिस. सुमारे १३,०५० ते १२,७५० वर्षांपूर्वी, म्हणजे जेमतेम तीनशे वर्षं, उत्तर अमेरिकेच्या मोठ्या भागात माणसं असली पाती करत होती.

मात्र हे वय या दगडानं सांगितलेलं नाही. कार्बनवरून वय निघतं ते हाडाचं, कोळशाचं. दगडाला वय मिळतं ते शेजाऱ्यांकडून, आणि तुमच्या हातातल्या पात्याचे शेजारी कधीच सुटले. उरलंय ते त्याच्या अंगावरचं. त्यात जे शेवटी घडलं ते सगळ्यात वर असतं. म्हणून वरून सुरुवात करू आणि मागे मागे जाऊ.

सगळ्यात वर काळ्या शाईतला आकडा आहे: १७. पलीकडच्या अंगाला वाळलेल्या गोंदाचा डाग.

त्या गोंदाला धरून तुम्ही १९५० च्या दशकातल्या एका स्वयंपाकघरात उतरता. टेबलावर काचेची चौकट, हिरवं कापड, आणि त्यावर तो माणूस पाती चिकटवतोय. मधोमध सगळ्यात मोठं, भोवती किरणांसारखी बाकीची. तेव्हा घरोघरच्या संग्राहकांची हीच आवड. कोणी चांदणी करायचा, कोणी पिसांचा मुकुट घातलेलं डोकं. मोडकी पाती, कपच्या, अर्धवट तुकडे कॉफीच्या डब्यात. सतराव्या पात्याला तो कोपऱ्यात जागा देतो. मग एक गोष्ट करतो आणि तुमचा जीव भांड्यात पडतो: खिशातून छोटी वही काढून लिहितो, '१७. उत्तरेचं वावर, पवनचक्कीच्या खालचा खळगा.'

एवढंच. एक ओळ. पण या ओळीपायी तुम्ही मधल्या त्या भव्य पात्यावर पाणी सोडाल, कारण त्याच्यापुढे वहीत काहीच नाही. ते त्यानं कुठल्याशा बाजारात विकत घेतलंय.

संग्राहकांबद्दल विद्यापीठातली माणसं बरेचदा नाक मुरडतात, आणि त्याला कारणंही आहेत. मध्य टेक्सासमधल्या गॉल्ट या जागी कित्येक वर्षं पैसे भरून कोणालाही खणू दिलं जाई. लोक यायचे, फावडी चालवायचे, सापडेल ते घेऊन जायचे. पुढे मायकेल कॉलिन्स या पुरातत्त्वज्ञानं ती जमीन स्वतः विकत घेतली आणि २००७ मध्ये जतन करणाऱ्या संस्थेच्या हवाली केली, तेव्हा कुठे ती सुटली. कायदाही चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे जमिनीतून निघालेल्या पुराणवस्तूवर सरकारची नजर असते. अमेरिकेत खासगी जमिनीतलं पातं साधारणपणे जमीनमालकाचं. केंद्र सरकारच्या जमिनीवर परवान्याशिवाय खणणं १९७९ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण कुंपणाच्या अलीकडे मालक राजा.

तरीही नाक मुरडणाऱ्यांना विचारावंसं वाटतं: यांच्याशिवाय तुमच्याकडे असतं काय? व्हर्जिनियात बेन मॅकॅरी यांनी १९४० च्या दशकापासून अशा पन्हळीच्या पात्यांची नोंदवही ठेवली, ती लोकांकडची पाती बघून बघून. टेक्सासची अशीच पाहणी १९८० च्या दशकात सुरू झाली आणि पाचशेहून जास्त क्लोव्हिस पात्यांपर्यंत पोहोचली. १९९० पासून डेव्हिड अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या खंडातल्या अशा नोंदी एका ठिकाणी आणल्या. शास्त्रीय उत्खननातून आलेली पाती यात मूठभर. बाकी सगळी वावरात, ओढ्याकाठी, कुणाच्या तरी नजरेला पडलेली. नकाशा रंगला तो यांच्या जिवावर. आता त्या नकाशावर पूर्वेकडे जिथं ठिपके दाट दिसतात, तिथं शिकारी दाट होते की नांगरलेली शेतं आणि हौशी शेतकरी, हा वाद अजून मिटलेला नाही. वहीतल्या एका ओळीची किंमत अशा वादात कळते.

गोंद, शाई संपली. खाली लोखंडाच्या गंजाची एक बारीक रेघ आहे, कडेला ताजा टवका: नांगराचा फाळ. आणि त्याखाली एका अंगाला विचित्र गुळगुळीतपणा, जणू तेवढंच अंग कोणी घासून पुसून ठेवलंय. ते काम वाऱ्याचं.

१९३५. तोंडाला ओला रुमाल बांधा. एप्रिलच्या १४ तारखेला या दक्षिणी मैदानांवर धुळीची भिंत अशी आली की भरदुपारी स्वतःचा हात दिसेना. त्या रविवाराला लोक अजून 'काळा रविवार' म्हणतात. गवत नांगरून काढलेलं, पावसानं पाठ फिरवलेली, आणि माती उडून चाललेली. तुम्ही येता ते वादळ ओसरल्यावर. पवनचक्कीच्या खाली वाऱ्यानं खळगा कोरलाय, कंबरभर खोल. तळाशी टणक पांढरट थर आणि त्यावर, उघड्यावर, पाती: दहा हजार वर्षांपूर्वीची, हजार वर्षांपूर्वीची, सगळी शेजारी शेजारी. मधली माती गेली आणि सगळे काळ एका जमिनीवर येऊन बसले. पीक बुडालेला एक तरुण शेतकरी, हाच तो, खाली वाकतो. त्या वर्षांत अशी वाकलेली माणसं या भागात जागोजाग होती. पोटाला काही मिळत नव्हतं. खिशाला निदान हे.

याच मुलखात, पोर्टालेस आणि क्लोव्हिस या दोन गावांच्या मध्ये, ब्लॅकवॉटर ड्रॉ नावाचं कोरडं पडलेलं जुनं पात्र आहे. १९२९ मध्ये रिजली व्हाइटमन या एकोणीस वर्षांच्या पोरानं तिथलं पातं स्मिथसोनियन संस्थेला पाठवलं होतं. लगेच काही झालं नाही. १९३२ मध्ये रस्त्यासाठी खडी काढताना मोठाली हाडं निघाली, फिलाडेल्फियाहून एडगर हॉवर्ड आले, आणि पुढच्या काही वर्षांत मॅमथच्या हाडांमध्ये पन्हळीची पाती मिळाली. जवळच्या गावाचं नाव त्या पात्यांना चिकटलं. म्हणजे या साऱ्या विद्येचं बारसंच एका हौशी मुलाच्या पत्रामागून आलं.

आणखी थोडं मागे या, उत्तरेला, फॉल्सम गावाजवळ. १९०८ च्या ऑगस्टमध्ये इथं ढगफुटीसारखा पाऊस होऊन पूर आला आणि ओढ्याचे काठ कापले गेले. नंतर कुंपणं तपासत घोड्यावरून चाललेला जॉर्ज मॅकजंकिन काठाच्या पोटातून डोकावणारी हाडं बघून थांबतो. गुलामीत जन्मलेला, वाचायला पुढे शिकलेला, जनावरं राखणारा हा काळा माणूस ओळखतो की ही हाडं आजच्या रानगव्याची नाहीत. फार मोठी आहेत. तो भेटेल त्याला सांगत राहतो. १९२२ मध्ये तो वारला, तोवर कोणी खणायला आलं नव्हतं.

१९२६ मध्ये डेन्व्हरच्या संग्रहालयानं खणायला घेतलं. पाती निघाली, पण मोकळी, मातीतून सुटून आलेली. मोठ्या शहरांतल्या पंडितांनी मान हलवली: वरून घरंगळली असतील. आता पुढच्या उन्हाळ्यात, १९२७ च्या ऑगस्टअखेरीस, कार्ल श्वाखाइमच्या मागे उभे राहा. हा रॅटन गावचा लोहार. हाडांचा नाद असलेला. बरगड्यांच्या मधली माती तो हळूहळू खरवडतोय आणि दगड लागतो. हात तिथंच थांबतो. उपटू नका, अशी संग्रहालयाची सक्त ताकीद आहे. तारा जातात. माणसं आगगाडीनं येतात, वाकून बघतात: विलुप्त रानगव्याच्या दोन बरगड्यांमध्ये रुतलेलं पातं, जागच्या जागी. अमेरिकेतला माणूस जेमतेम तीन-चार हजार वर्षांचा, ही समजूत तिथं मोडली. आदल्या वर्षीचीही पातीच होती, हीच घडण, हाच दगड. फरक फक्त लोहाराच्या थांबलेल्या हाताचा.

आता तुमच्या पात्यावर चुनखडीचं पांढरं कवच आहे, पन्हळीच्या कोपऱ्यात घट्ट बसलेलं. ते जमायला हजारो वर्षं लागली. त्यात काही घडत नाही. पाऊस मुरतो, चुना वर येतो, गवत येतं नि जातं. हा टप्पा आपण डोळे मिटून ओलांडू.

डोळे उघडा. हवा गार आहे, आणि पवनचक्कीच्या जागी तळं. झऱ्यांचं पाणी, काठाला उंच गवत. लांबवर घोडे चरताहेत, उंटही. दोन्ही इथलेच आणि दोन्ही इथून लवकरच नाहीसे होणारे. पाण्यात मॅमथची मादी उभी आहे. खांद्याशी दोन पुरुष उंच. केस विरळ, सुळे इतके वळलेले की टोकं एकमेकांकडे बघताहेत. तिला चिखल लागलाय हे तुम्हाला दिसतं, आणि गवतात दबा धरलेल्या माणसांनाही.

पुढचं नेमकं कसं झालं, यावर तुमचे सहकारी भांडतात. भाला फेकला? जवळ जाऊन खुपसला? २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अभ्यासकांनी तिसरी वाट सुचवली: दांडा जमिनीत टेकवून भाला रोखून धरायचा आणि अंगावर येणाऱ्या जनावराच्या वजनालाच काम करू द्यायचं. असल्या दगडानं मॅमथ मरतो का, अशीही शंका काहींनी घेतली आहे. मेलेलं जनावरच फाडत असतील. पण त्याच २०२४ च्या डिसेंबरात मोंटानातल्या अँझिक इथं गेरू माखून पुरलेल्या क्लोव्हिस काळातल्या तान्ह्या मुलाच्या हाडांवरून त्याच्या आईचा आहार काढला गेला, आणि त्यात मॅमथचा वाटा सर्वांत मोठा निघाला. एवढं मांस मेलेल्या जनावरांची वाट बघत बसून मिळत नाही, असं माझं मत. दुसरीकडे ॲरिझोनात नाको इथं १९५२ मध्ये एकाच मॅमथच्या सांगाड्यात आठ पाती मिळाली, तेव्हा तो मॅमथ घायाळ होऊन निसटलेला असावा असा तर्क झाला. शिकारी सराईत होते. अचूक होते असं नाही.

तुमच्या पात्यानं यातलं काय पाहिलं? टोकाकडून खाली उतरलेला एक चपटा ओरखडा बघा: समोरून काहीतरी कठीण लागून उडालेली कपची. आणि तो तुटलेला कोपरा. धक्का बसतो, बूड दांड्याच्या खाचेत मागे रेटलं जातं, तांत तटतटते, कोपरा मोडतो, पातं सुटतं. तळ्यात एक छोटासा डुबुक् आवाज होतो, पण मादीच्या ओरडण्यात तो कोणाला ऐकू येणार. मांस कापून झाल्यावर ती माणसं पाती शोधतील, मिळतील तेवढी परत घेतील. हे मिळणार नाही.

आणखी मागे चला, आणि आता पात्याकडे लक्ष ठेवा. ते वाढायला लागतं.

काही महिन्यांपूर्वीचा मुक्काम. एक बाई मांडीवर कातडं टाकून बसलीये, भाला आडवा धरून. (पुरुषही असेल, दगड याबाबतीत काही बोलत नाही, आणि चित्रकार मात्र दर वेळी दाढीवालाच काढतात.) पातं बांधलेलंच आहे, दांड्यातून न सोडता ती शिंगाच्या टोकानं कडेवर दाब देते. टक्. नखाएवढी कपची पडते. टक्. टक्. दहा मिनिटांत धार परत येते आणि पातं थोडं आखूड होतं. विळी पाजळून पाजळून झिजते, तसंच.

पण झिजतं कोणतं अंग? बांधणीच्या वरचंच. तांतेखालच्या भागाला तिचा हात पोहोचत नाही. कॅलिपर आता उपयोगी पडतो: बुडापासून अडीच सेंटिमीटरपर्यंत दोन्ही कडा घासून मुद्दाम बोथट केलेल्या आहेत, नाहीतर तांत कापली गेली असती. त्या रेषेपर्यंत पातं भरल्या अंगाचं. वर एकदम आवळलेलं, खांदा पडल्यासारखं. बांधणीची जागा यावरून कळते. बांधणी तेरा हजार वर्षांपूर्वी कुजून गेली, दांडा गेला, राळ गेली. पण तांतेचा शेवटचा वेढा कुठे होता, ते तुम्ही मिलिमीटरमध्ये लिहू शकता. तक्त्यात पात्याची रुंदी दोनदा मागितलेली असते ती याच्यासाठी. चौकटीच्या मधोमध मिरवणाऱ्या लांबलचक पात्यात हे काहीच नसतं. वॉशिंग्टन राज्यात १९८७ मध्ये सफरचंदाच्या बागेत निघालेली क्लोव्हिस पाती वीतभर लांब आहेत, डोळे दिपवणारी. माझं मन मात्र या ठेंगण्यावर. याला पोटासाठी राबावं लागलं.

मागच्या मुक्कामी सात सेंटिमीटर. त्यामागे आठ. एकदा टोक मोडून नवं काढलं, म्हणजे त्याआधी साडेनऊ. उत्तरेकडे, तळ्यापासून दूर, दिवसामागून दिवस. कपच्या उलट उडत कडेला येऊन बसताहेत, आणि कॅनेडियन नदीच्या खोऱ्यात पोहोचेतो तुमच्या हातात अकरा सेंटिमीटरचं, सरळ कडांचं, अंगानं भरलेलं पातं आहे.

ही अलिबेट्सची खाण. आजच्या अमॅरिलोच्या उत्तरेला. ब्लॅकवॉटर ड्रॉपासून दीडशे किलोमीटरच्या वर. टेकाडांच्या माथ्यावर दगड असा विखुरलाय की वाटतं कोणी रंग सांडले: तांबडा, जांभळा, मांसासारखा पट्ट्यापट्ट्यांचा, दुधी. गोदावरी-प्रवरेच्या रेवेत चालताना हाताला लागणारी गारगोटी आठवा आणि तिचा अख्खा डोंगर कल्पा. दगड दूरवर ओळखू येतो तो याच पट्ट्यांमुळे. ओहायोतल्या पॅलिओ क्रॉसिंग या जागी सापडलेला दगड तर साडेचारशे-पाचशे किलोमीटरवरून आलेला आहे. माणसं एवढं चालत होती, की हातोहात देवाणघेवाण होत होती? तुमच्या पात्यापुरतं बोलायचं तर जातानाचे पाय तुम्ही आत्ताच पाहिलेत. पण ते मी दाखवले, दगडानं नव्हे. दगडानं फक्त दोन टोकं दिली, आणि त्यातलं एक शेतकऱ्याच्या वहीमुळे.

खाणीवर एक कारागीर बसलाय. भोवती ढलप्यांचा खच. आधी गोट्यानं जाड ढलप्या उडवल्या, मग शिंगाच्या सोट्यानं पातळ. त्याची खासियत बघायची तर आत्ता बघा: कडेवर घाव घालतो आणि ढलपी एका कडेपासून निघून सबंध अंग ओलांडून पलीकडची कडही थोडी घेऊन जाते. दोन बोटं इकडे तिकडे झाली तर पातं दुभंगेल. क्लोव्हिसच्या हाताची ही सहीच, आणि नकली करणाऱ्याला ती सारखीसारखी साधत नाही.

मग पन्हळ. बुडाला घासून छोटासा उंचवटा ठेवलाय. पातं उभं, बूड वर. तो श्वास रोखत नाही. शेजारच्याशी काहीतरी बोलतच घाव घालतो, आणि बुडापासून एक लांब, चपटी ढलपी सुटून मांडीवरच्या कातड्यावर पडते. पातं उलटवून पुन्हा एकदा. झालं. हे असं का करायचं, यावर पिढ्यानपिढ्या लिहिलं गेलं: दांड्यात नीट बसावं म्हणून, शोभेसाठी, शुभ म्हणून. २०१७ मध्ये केंट स्टेट विद्यापीठातल्या मेटिन एरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्हळीची आणि बिनपन्हळीची पाती यंत्रात घालून दाबली. पन्हळीनं पातळ झालेलं बूड धक्का लागताच थोडं चुरतं, आणि ते चुरल्यामुळे बाकीचं पातं वाचतं. तुमच्या पात्याचा कोपरा गेला आणि टोक राहिलं, ते बहुधा यामुळे. याची किंमत मात्र खाणीवरच मोजावी लागते: करायला अर्धा तास निदान, आणि पन्हळ काढताना पाचातलं एक मोडतं.

म्हणून शेवटी आणखी थोडंसं मागे, घटकाभर. कारागीर तोच, कातडं तेच. हातातलं पातं दुसरं आहे, जांभळट, जवळजवळ पुरं झालेलं. घाव बसतो, ढलपी सरळ न जाता आत वळते आणि पातं मधोमध कडकन मोडतं. त्याच्या मागे आधीचे असे तुकडे पडलेत, आणि तुम्हाला ठाऊक आहे की ते कोणाच्याही चौकटीत जाणार नाहीत. कॉफीच्या डब्यातसुद्धा नाही. पन्हळ कुठून सुरू केली, कुठे फसली, कितवा घाव चुकला, सगळं त्यात लिहिलेलं असतं. कारागीर दोन्ही तुकडे खांद्यावरून मागे भिरकावतो, एक शब्द उच्चारतो, जो कुठल्याही भाषेत शिवीच असणार, आणि हात लांब करून तांबडा, पांढऱ्या रेघांचा दगड ओढून घेतो.